रोज सांगता, तास पण सांगा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, कर्ज आणि परतफेड यावर आधीच्या ताया छान बोलल्या. मी मजुरीवर बोलणार आहे. गटात दर महिन्याला जी बचत जमा होते, ती आपल्या बहुतेक घरांत मजुरीतूनच येते. कर्जाचा हप्ताही तिथूनच जातो. तरी गटाच्या मिटिंगमध्ये आपण सगळ्याचा हिशोब करतो आणि मजुरीचा करत नाही. "काय चाललाय तो रोज घ्यायचा," एवढं म्हणून विषय संपतो.

आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. रोज किती मिळाला हे विचाराल, तेव्हा किती तासांचा ते पण विचारा. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय आपल्याला काय मिळतं हे आपल्यालाच कळत नाही.

सरासरी म्हणजे कुणाचा रोज?

आधी सरासरी या शब्दाचं बघू. केंद्र सरकार देशभर घरोघरी जाऊन कामाचं सर्वेक्षण करतं. त्यात निघालं, की रोजंदारीवरच्या माणसाची दिवसाची सरासरी कमाई २०१७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये २९४ रुपये होती आणि २०२४ च्या एप्रिल ते जूनमध्ये ४३३ रुपये झाली. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं मिळतात चारशे तेहतीस?

आकडा खोटा नाही. पण तो सगळ्यांचा मिळून आहे. शहरातला बांधकाम मिस्त्री त्यात आला, हमाल आला, केरळातला शेतमजूर आला आणि तुम्ही पण आलात. समजा एका ओळीत पाच जण बसले. दोघींना दोनशे-दोनशे, दोघींना अडीचशे-अडीचशे आणि एका मिस्त्रीला नऊशे. बेरीज अठराशे, भागिले पाच, सरासरी आली ३६० रुपये. पाचापैकी एकालाही ३६० मिळालेले नाहीत. चार जणींना त्यापेक्षा बरेच कमी मिळालेत. म्हणून कुणी सरासरी सांगितली, की विचारायचं: कुणाची, कुठली, बाईची का गड्याची?

एकच काम, राज्याराज्यात वेगळा भाव

रिझर्व्ह बँक राज्याराज्यांच्या आकड्यांचं एक पुस्तक दरवर्षी काढते. त्यात २०२२-२३ सालचा गावातल्या शेतमजूर पुरुषाचा सरासरी रोज दिला आहे. केरळात ७६४ रुपये. मध्य प्रदेशात २२९. गुजरातेत २४२. देशाची सरासरी ३४६ च्या आसपास, आणि आपला महाराष्ट्र त्या सरासरीच्याही खाली. लक्षात घ्या, हे पुरुषांचे आकडे आहेत.

केरळातला मजूर आपल्यापेक्षा एवढा जास्त घाम गाळतो का? नाही. जमीन ती जमीन, ऊन ते ऊन. मग फरक कशाचा? तिथल्या घराघरांतून माणसं आखाती देशांत कामाला गेली, त्यामुळे गावात मजूर कमी पडले. शिकलेल्या पोरांना शेतीशिवाय दुसरी कामं मिळाली. आणि तिथले शेतमजूर फार पूर्वीपासून संघटनेत आहेत. शेतमजुरांसाठी त्या राज्याने १९७४ साली वेगळा कायदा केला. म्हणजे ज्याला "नाही परवडत, जातो दुसरीकडं" म्हणता येतं आणि ज्याच्या मागं चार माणसं उभी असतात, त्याचा रोज वाढतो.

पण केरळ ऐकून हुरळून जायचं नाही. तिथं रोज जास्त असला तरी वर्षातले कामाचे दिवस कमी भरतात. महागाई पण आहे. आणि तिथंही खुल्या बाजारात बाईचा रोज गड्यापेक्षा कमीच असतो. रोजगार हमीच्या कामावर मात्र बाई-पुरुष सगळ्यांना एकच दर. म्हणून केरळात त्या कामावर दहात जवळजवळ नऊ बायकाच दिसायच्या. गडी बाहेर जास्तीच्या रोजाला जायचे, बायकांना बरोबरीचा दर तिथंच मिळायचा.

रोजगार हमीचा दर सरकार ठरवतं, तरी तो पण राज्याराज्यात वेगळा. २०२४-२५ साली हरियाणात ३७४, गोव्यात ३५६, कर्नाटकात ३४९, आपल्याकडे २९७ आणि शेजारी मध्य प्रदेशात २४३. त्या साली आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरून कर्नाटकात पाऊल टाकलं, की त्याच खोदकामाला ५२ रुपये जास्त होते.

जिल्हा लांब राहिला, गावागावात फरक

राज्याच्या आतही हेच आहे. किमान वेतन ठरवताना महाराष्ट्र सरकार पुष्कळ कामांसाठी परिमंडळं पाडतं. महानगरपालिकेच्या भागात दर जास्त, मध्ये मध्यम, खेड्याच्या परिमंडळात सगळ्यात कमी. कारण सांगतात, की शहरात जगायचा खर्च जास्त. तेल, साखर, पोराची औषधं आपल्याला काही स्वस्त मिळत नाहीत, पण नियम तसा आहे.

खुल्या मजुरीचा भाव तर गावागणिक बदलतो. ज्या गावाच्या जवळ एमआयडीसी आहे, बाजारपेठ आहे, नाहीतर बागायत आहे, तिथं रोज चढा असतो. शेतकऱ्याला माहीत असतं, की बाई दुसरीकडं जाऊ शकते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सुरगाणा, पेठकडचे मजूर टोळीनं येतात आणि एकराच्या ठेक्यावर काम घेतात. तिथं भाव टोळीशी बोलून ठरतो. आपल्याकडच्या कोरडवाहू गावात मात्र हंगामाला एकच काम असतं आणि बाई एकटी-एकटी जाते. मग भाव दुसराच कुणीतरी ठरवतो.

आता यातली खरी गोम बघा. तुमच्याच गावातला गडी मोटारसायकलवर बसून तालुक्याला मिस्त्रीच्या हाताखाली जातो. त्याचा बाजार तालुकाभर, जिल्हाभर आहे. तुम्ही का जात नाही? नळाला पाणी आठला येतं म्हणून. पोरगं चारला शाळेतून घरी येतं म्हणून. सासूबाईंना दुपारी औषध द्यायचं असतं म्हणून. त्यामुळे बाईचा बाजार तिच्या शिवाराएवढाच राहतो. शिवारात जो भाव, तोच तिचा भाव. कमी मजुरीचं मोठं कारण इथं आहे, आणि ते कुठल्या सर्वेक्षणाच्या सरासरीत दिसत नाही.

घरातले तास

सरकारनं २०२४ साली वेळेचंही सर्वेक्षण केलं. दिवसभरात कोण कशाला किती वेळ देतं ते विचारलं. देशभरात जी बाई घरकाम करते तिचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांपेक्षा जास्त. जो पुरुष घरकाम करतो त्याची ८८ मिनिटं. मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. २०१९ साली बाईचा हा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली.

आणि कमाईच्या सर्वेक्षणात कामाचे तास मोजतात तेव्हा स्वयंपाक, धुणी-भांडी, घरचं पाणी भरणं त्यात येत नाही. म्हणून कागदावर दिसतं, की बायका गड्यांपेक्षा कमी तास काम करतात. तुम्ही हसताय, पण कागदावर तसंच आहे. आठ तास रानात आणि पावणेपाच तास घरात, झाले पावणेतेरा. दिवस तर सगळ्यांना चोवीसच तासांचा.

भागाकार करून बघू

आता आपण आपला हिशोब करू. हे आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या गावचे खरे आकडे तुम्ही घालून बघा.

पहिला हिशोब, गाडीचा. समजा मुकादम म्हणाला, तीनशे रुपये रोज, जीपनं वीस किलोमीटर जायचं. भाडं मालक देतो असं धरू. सकाळी सातला जीप येते, संध्याकाळी सातला घरी सोडते. बारा तास गेले. ३०० भागिले १२, तासाला २५ रुपये. दुसरीकडे गावातच अडीचशे रुपये रोज, दहा ते पाच. सात तास. २५० भागिले ७, तासाला जवळपास ३६ रुपये. आपण म्हणतो तिकडं पन्नास जास्त मिळतात. खरं तर तिकडं तासाला अकरा रुपये कमी मिळतात. जाऊ नका असं मी म्हणत नाही. गावात काम नसेल तर जावंच लागतं. पण येण्याजाण्याचा वेळ हा पण आपलाच वेळ आहे, तो धरून भाव बोला.

दुसरा हिशोब, गुत्त्याचा. समजा आठ जणींनी दोन एकर खुरपणी ४८०० रुपयांना गुत्त्यानं घेतली. दोन दिवसांत संपवली, पण रोज दहा-दहा तास पाठ वर केली नाही. एकीला मिळाले ६००, म्हणजे दिवसाला ३००. वाटलं, रोजापेक्षा पन्नास जास्त मिळाले. आता भागा. ६०० भागिले २० तास, तासाला ३०. आणि अडीचशे रुपयांत आठ तासांचा रोज असता तर तासाला ३१ रुपयांच्या वर. म्हणजे गुत्त्यात जास्त मिळाल्यासारखं वाटलं, ते जास्तीच्या तासांचं होतं. गुत्तं वाईट नाही. लवकर उरकून घरी जाता येतं, हा मोठा फायदा आहे. पण घेण्याआधी रान बघून या, तण किती आहे बघा, किती जणींचे किती तास लागतील ते मोजा, मग आकडा सांगा.

तिसरा हिशोब, वेचणीचा. कापूस किलोवर वेचतो. समजा किलोला आठ रुपये. भर वेचणीत बाई दिवसाला चाळीस किलो काढते, ३२० रुपये होतात. शेवटच्या वेचणीला बोंडं लांब-लांब, बारीक. तेवढ्याच तासांत वीस किलो निघाला तर १६० रुपये. मेहनत तीच आणि पैसा निम्मा. म्हणून शेवटच्या वेचणीचा किलोचा भाव वेगळा पाहिजे, आणि तो हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवायला पाहिजे. वेचणी चालू झाल्यावर बोललं, तर "मधेच अडवता" असं ऐकून घ्यावं लागतं.

चौथा हिशोब, कोयत्याचा. आपल्या प्रभागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. समजा एका जोडप्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये होतात. दोघांत वाटले, तर माणशी ३६६. रोज चांगला दिसतो. पण पहाटे फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी आली की ऊस भरायचा. चौदा तास धरले तर तासाला २६ रुपये. त्यातून खाडा कापतात. आजारी पडलं तरी खाडाच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तासांचा आणि खाड्याचा हिशोब शरीरावर कसा येतो, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको.

आणि हा पैसा बाईच्या हातात येतच नाही. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवरा आणि मुकादमाचा. आपण किती टन तोडला हे बाईला सांगता येत नाही, कारण कुणी तिला सांगितलेलंच नसतं. ज्या ताया यंदा जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे, की एक छोटी वही सोबत न्या. रोजच्या खेपा, टन आणि खाडे लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या, नाहीतर नुसत्या रेघा मारा. उचल फिटली का नाही, हे त्या वहीवरून विचारता येतं.

बाईचा रोज, गड्याचा रोज

समान कामाला समान वेतन हे आपल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला. आता तो वेतन संहितेत घेतलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकाच किंवा सारख्याच कामाला बाई आहे म्हणून कमी पैसे देता येत नाहीत. आपल्या राज्यात तर १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, तेव्हापासून हजारो बायकांनी गड्यांच्या बरोबरीनं खडी फोडली.

रानात मात्र उत्तर ठरलेलं असतं, "गड्याचं काम जडाचं असतं." पोतं उचलणं जड आहे, मान्य. पण आठ तास कमरेत वाकून खुरपणं हलकं कुणी ठरवलं? जे काम दोघं सारखंच करतात, उदाहरणार्थ सोयाबीन काढणी, तिथं तरी भाव एक पाहिजे, हे आपण बोलू शकतो.

आता एक अवघड गोष्ट. या मांडवात बसलेल्या सगळ्याच काही मजुरीला जात नाहीत. काही जणी स्वतः मजूर लावतात. काही जणी आज दुसऱ्याच्या रानात आणि उद्या स्वतःच्या रानात बाया बोलावतात. सोयाबीनला भाव नसतो तेव्हा दोन-तीन एकरवाल्या ताईनं रोज वाढवायचा कुठून, हा प्रश्न खरा आहे. त्या तायांना मी म्हणते, पैसे वाढवणं जमत नसेल तर तास ठरवा. दहा म्हणजे दहा आणि पाच म्हणजे पाच. "तेवढी एक तास काढा गं" बंद करा. दुपारची सुट्टी ठरलेली ठेवा. तासभर लवकर घरी गेलेल्या बाईची तासाची मजुरी वाढलीच, तुमच्या खिशातून जास्तीचं काही न जाता. एकाच गटातल्या दोघी भावावरून भांडण्यापेक्षा, दोघींनी बसून तास ठरवणं सोपं आहे.

मग करायचं काय?

मोठं काही सांगत नाही. तीन कामं.

पहिलं, एक महिना नोंद. प्रत्येक गटातल्या किमान पाच जणींनी महिनाभर एका पानावर लिहायचं: तारीख, काम, कुठल्या शिवारात, घरून किती वाजता निघालो, घरी किती वाजता आलो, पैसे किती मिळाले, हातात कधी मिळाले. सात खाने. सीआरपी ताई मदत करतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारणीनं लिहायचं.

दुसरं, हे कागद ग्रामसंघाच्या बैठकीत आणायचे आणि सगळ्यांसमोर भागाकार करायचा. कुठल्या गावात तासाला काय पडतं ते फळ्यावर लिहायचं. शेजारच्या गावात तासाला सहा रुपये जास्त मिळतात हे कळलं, तर पुढं बोलायला बळ येतं. गावोगावचे आकडे प्रभागसंघाकडे आले, की आपल्याला कुणाच्या सरासरीवर अवलंबून राहायला नको. आपली सरासरी आपल्याकडे असेल, तीही बाईची वेगळी आणि गड्याची वेगळी.

तिसरं, हंगामाच्या आधी बोलणं. खुरपणी येतेय, मग काढणी, मग वेचणी. प्रत्येकाच्या पंधरा दिवस आधी ग्रामसंघानं भाव आणि तास ठरवून घ्यायचे, मजूर लावणाऱ्या तायांनाही सोबत बसवून. कामाला हो म्हणायच्या आधी चार प्रश्न: रोज किती, किती तास, जायची-यायची सोय कुणाची, पैसे कधी. एकटीनं विचारलं तर "दुसरी बघतो" म्हणतात. वीस जणींनी तेच चार प्रश्न विचारले, तर उत्तर द्यावं लागतं. किमान वेतनापेक्षा कमी मिळतंय असं वाटलं, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चालू दर विचारता येतो. प्रभागसंघाच्या नावानं पत्र द्या, मी सोबत येईन.

आणि एक शेवटचं. गावात पाण्याची वेळ बदलून घेतली, अंगणवाडीला जोडून लेकरांना सांभाळायची सोय केली, जीपच्या जागी जवळचं काम मिळवलं, तर तीही मजुरीवाढच आहे. कारण त्यानं बाईचा बाजार शिवाराच्या बाहेर जातो. ग्रामसभेत हे विषय मांडताना "महिलांची सोय" म्हणून मांडू नका. मजुरीचा प्रश्न म्हणून मांडा, आणि सोबत तुमचं ते सात खान्यांचं पान ठेवा.

पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत हे पान मागणार आहे. कोरं असलं तरी घेऊन या, तिथं बसून भरू.

तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलं, हा वेळ पण तुमच्या कामाच्या तासांतलाच होता.